गुरुवारच्या टेबलाआधी

प्रिय टकळे,

हे पाकीट तुझ्या हातात पडलं असेल, तर ते खिडकीतल्या औषधवाल्या बाईंच्या कृपेने. काल सकाळी मी तुमच्या त्या व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात गेले होते. नियमाप्रमाणे रांगेत उभी राहिले, माझ्यापुढे पाच जण होते. माझी पाळी आल्यावर त्या बाईंनी सवयीने छोटा कप पुढे केला आणि कार्ड मागितलं. कार्ड नाही, एक पत्र द्यायचं आहे म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं की पाकीट आणून द्या, ती घेईल तर देईन, नको म्हणाली तर तुम्हाला परत. पण ती इथे येते का, कधी येते, कुठे राहते, यातलं अक्षर मला विचारायचं नाही. मी निमूट मान डोलावली. वॉर्डात सगळ्यांवर डोळे वटारणारी तुझी ताई त्या खिडकीपुढे कशी गरीब गाय झाली होती, ते बघायला तू हवी होतीस. म्हणून आज शनिवारी दुपारी लिहायला बसले आहे. आई आत पडली आहे, तुझे भाऊजी दुरुस्तीला टाकलेला पंखा आणायला गेलेत आणि तुझा लेक माझ्या पायाशी बसून सगळ्या घरातल्या चपलांच्या जोड्या लावतोय.

तो पुढच्या महिन्यात चार वर्षांचा होईल. बोलण्यात थेट तुझ्यावर गेलाय. सकाळी डोळे उघडायच्या आत तोंड उघडतं. तुझे भाऊजी म्हणजे दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस, त्यांना परवा मी गोगलगाईला पाय का नसतात यावर अर्धा तास बोलताना ऐकलं. बटणांचा शर्ट दिसला की हा पलंगाखाली. मोजे घालायचे तर उलटेच, शिवण बाहेर. मला तो मावशी म्हणतो. बालवाडीत जायला लागल्यावर इतर मुलांचं ऐकून एक-दोनदा त्याने मला आई म्हणून पाहिलं, तेव्हा मी त्याला फळीवरचा तुझा फोटो दाखवला. धोबीखान्यातला, निळा एप्रन घातलेला, मागे सगळी वाफ. तेव्हापासून तो लोकांना सांगतो की माझी आई वाफेत काम करते. तू अजून तिथेच कामावर आहेस अशी त्याची समजूत आहे आणि मी ती मोडलेली नाही. कामावर गेलेली माणसं परत येतात, एवढं त्याला कळतं.

खालच्या मजल्यावरच्या बाई एकदा कौतुकाने मला म्हणाल्या, माय मरो पण मावशी उरो म्हणतात ते काही खोटं नाही. माझं डोकंच फिरलं. आमच्या घरात कोणी मेलेलं नाही, असं मी इतक्या जोरात म्हणाले की जिन्यातली माणसं थांबून बघायला लागली. त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही आणि आमचा डबाही परत केला नाही.

आता तुझ्या येणाऱ्या बाळासाठीच्या गुरुवारच्या बैठकीबद्दल. डॉक्टरीणबाईंनी तुला सांगितलं असेलच, पण त्या सगळं तब्येतीच्या अंगाने सांगतात. खोली कशी आहे, कोण कुठे बसतं, हे तुला आधी माहीत असलेलं बरं, कारण नवीन खोलीत शिरताना तू दाराशीच अडतेस हे मला शाळेपासून ठाऊक आहे. हॉस्पिटलच्या कँटीनमागे कर्मचाऱ्यांच्या करमणुकीची खोली आहे. सगळ्यांना पुरेल एवढं मोठं टेबल साऱ्या इमारतीत एकच निघालं, ते तिथलं टेबल टेनिसचं. जाळी काढून टाकली आहे, मधली पांढरी रेघ मात्र तशीच आहे. घरकुल कार्यालयाचे एक गृहस्थ येतात, त्यांना सगळे किल्लीवाले म्हणतात. जुडगा वाजवत येतात, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा, पण राहायला खोली मिळवून देण्यात त्यांच्यासारखा खटपट्या माणूस नाही. त्यांना घाबरू नकोस. तुझ्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई असतील. आमच्या प्रसूती विभागाची एक नर्स असेल. बालकल्याण खात्याच्या बाई असतील, त्याच, ज्यांना तू ओळखतेस. आणि एक सोबतीण असते. ती स्वतः या सगळ्यातून गेलेली आहे, दोन मुलं सांभाळते आहे, तिचं काम फक्त तुझ्या शेजारी बसायचं आणि तुला पाणी हवं की बाहेर जायचंय ते ओळखायचं. तिथे सगळ्यांत आधी बाळाची आई बोलते. इतरांनी तोवर तोंडं मिटून बसायचं. आणि आईने वाचला नाही असा कागद त्या खोलीतून बाहेर जात नाही. हे दोन नियम करायला आम्हाला एक वर्ष लागलं.

सुरुवातीला तिथे काय चालायचं म्हणून सांगू. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, इथे तर तीन होत्या. दवाखाना म्हणायचा, लेखी परवानगीशिवाय आम्ही पेशंटबद्दल चकार शब्द सांगणार नाही. बालकल्याण म्हणायचं, आम्हाला दोन दिवसांत निर्णय घ्यावा लागतो, तुमच्या परवानग्यांची वाट कोण बघणार. आम्ही हॉस्पिटलवाले म्हणायचो, काय ते ठरवा, पण खाट रिकामी करा. कोणीच खोटं बोलत नव्हतं आणि मध्ये बाई भरडली जात होती. आमच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून या सगळ्या कचेऱ्यांची छपरं दिसतात. पायी दहा मिनिटांचं अंतर, आणि पंधरा वर्षं आम्ही एकमेकांना टपालाने पत्रं पाठवत होतो. आता बाईला सहावा-सातवा महिना असतानाच एक पानाचा कागद तयार होतो. औषध कोणतं, कोणी दिलं, बाळंतपणाच्या दिवसांत ते वॉर्डात कोण आणून देणार, घरी कुठे जाणार, अडलं तर कोणाला फोन करायचा. तो कागद आईच्या पर्समध्ये राहतो. बाकीच्यांकडे नकला.

बाळांचंही आता वेगळं करतो. तुझ्या वेळी आम्ही आईच्या औषधाची पोटातच सवय झालेल्या बाळांना त्या झगझगीत दिव्यांच्या खोलीत नेत असू आणि दर तीन तासांनी कितीदा थरथरलं, कितीदा रडलं याचे मार्क मांडत असू. तुझा लेक तिथे किती रडला ते तुला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं आणि मला माहीत होतं की तुला ऐकू येतंय. आता बाळ आईपाशीच ठेवतो. मंद उजेड, आवाज कमी, छातीला उघडं लावून धरायचं, थोडं थोडं पण सारखं पाजायचं. पुष्कळशी बाळं एवढ्यावरच निवतात. आणखी एक सांगते, नर्स म्हणून. औषध आपल्या मनाने थांबवू नकोस, कमीही करू नकोस, कोणी कितीही शहाणपण शिकवलं तरी. शेवटच्या महिन्यांत डोस वाढवावा लागला तर तू घसरलीस असं समजू नकोस. पोटात बाळ वाढतं तशी अंगाची गरज बदलते, इतकंच.

हे शहाणपण मला तेव्हा असतं तर. त्या ओल्या चादरींच्या गाडीने तुझी पाठ गेली, ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, आणि त्या पहिल्या गोळ्या घड्याळ बघून तुझ्या हातावर ठेवणारी मीच होते. पुढचं तू मला सांगायला नको आणि मी तुला. लेकाचा बाप पाचव्या महिन्यात पसार झाला, तेव्हा आम्हाला वाटलं की आता तू पुरती बुडालीस. पण तू कोणाला न सांगता स्वतःच्या पायाने त्या खिडकीपर्यंत गेलीस. सातव्या महिन्यात एका दुपारी माझ्या स्वयंपाकघरात आलीस, ओट्यावर दवाखान्याचं कार्ड ठेवलंस आणि म्हणालीस, ताई, दहा आठवडे झाले, एक दिवस चुकवला नाही. मी बरं झालं म्हणाले आणि गॅसकडे वळले. खरं काय वाटलं ते आज लिहिते. मला वाटलं, एक सोडून दुसरं धरलं. आमच्या सगळ्या वॉर्डाला तेव्हा तसंच वाटायचं, पण तू कार्ड वॉर्डाला दाखवलं नव्हतंस, बहिणीला दाखवलं होतंस. तुझा चेहरा जरा उतरला, मग तू तिथलाच एक टोमॅटो उचलून खाल्लास आणि दुसऱ्याच कशावर तरी बोलायला लागलीस.

तो जन्मला ती सकाळ मला मिनिटामिनिटाने आठवते. आठ वाजून दहा मिनिटं. तू हसत होतीस. अकराच्या सुमाराला लघवीच्या तपासणीचा अहवाल माझ्या टेबलावर आला. अफूच्या जातीचं औषध आढळलं, एवढंच त्यात होतं. यंत्राला नशेच्या गोळ्या आणि त्या सोडवायला दिलेलं औषध यातला फरक कळत नाही, तो माणसांनी सांगायचा असतो. नियम असा होता की असा अहवाल आला की फॉर्म भरायचा आणि बालकल्याणला फोन करायचा. तो फोन मी केला. तुला ते माहीत आहे, मी लपवलंही नव्हतं. तिसऱ्या दिवशी बाळाला सांभाळ करणाऱ्या कुटुंबाकडे नेलं, तेव्हा पॅसेजमध्ये तू मला म्हणालीस, तुला मूल हवं होतं ना, मिळालं.

त्या वाक्याला मी कधी उत्तर दिलं नाही. आज देते. मुलासाठी अकरा वर्षं उपचार करून आम्ही दोघं थकलो होतो हे तुझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून तर ते इतकं लागलं. फोन करताना माझ्या मनात तसं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण अडीच महिन्यांनी नातेवाईक म्हणून बाळ माझ्या घरी आलं, त्या दिवशी मी आनंदाने वेडी झाले. तुझ्याकडे ते परत जावं म्हणून जेवढं धावायला हवं होतं तेवढं मी धावले नाही. भेटीच्या त्या काचेच्या खोलीत तू पाच महिने येत राहिलीस आणि एकदा पेंगत आलीस म्हणून त्यांनी तुला दारातून परत पाठवलं. तेव्हा मी तुझ्यामागे जिना उतरून आले नाही. बाळाला कडेवर घेऊन वरच उभी राहिले. नंतर तू आलीच नाहीस. जिच्या तोंडाची टकळी थांबवायला आई हात जोडायची, तिचा तीन वर्षं आवाज नाही.

मधले ते नऊ दिवसही मला चुकवता येत नाहीत. औषध उपचाराचं आहे असा दवाखान्याचा कागद यायला नऊ दिवस लागले. त्यासाठी तू बालकल्याणच्या बाहेरच्या बाकावर रोज नऊ ते पाच बसून राहिलीस, आणि औषधाची खिडकी बाराला बंद व्हायची. तीन दिवस तुझा डोस चुकला. चौथ्या दिवशी तू परत त्या जुन्या गोळ्यांकडे गेलीस. कागद आला तोवर प्रश्न तपासणीचा उरलाच नव्हता, तुझ्या घसरण्याचा झाला होता. तेव्हापासून मी या टेबलाच्या मागे लागले. फॉर्ममध्ये नवा रकाना हवा म्हणून आठ महिने भांडले. औषध चालू असल्यास कोणाच्या सल्ल्याने, कुठून, किती. आता तो छापलेला असतो. मला त्याबद्दल प्रशस्तिपत्रक मिळालं, ते गरम कपड्यांखाली ठेवलंय. लोकांना वाटतं, बाई मोठ्या दूरदृष्टीच्या.

दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी टेबलावर एका बाईची गोष्ट काढली. परवानगी नसल्याने नाव नाही. चौथा महिना, सहा महिने औषधावर, एक दिवस खाडा नाही, पण तुमच्या हॉस्पिटलात पाऊल ठेवणार नाही म्हणते. मागच्या वेळी कचेरीबाहेर बाकावर बसून राहिले आणि सगळं गेलं, असं म्हणते. माझं लिहिणं थांबलं. विचारता येत नव्हतं आणि खोलीत बसवतही नव्हतं. गेल्या आठवड्यात तुझ्या सहीचा परवानगीचा कागद आला, तेव्हा मी तो न वाचता पुढे सरकवला, ही माझी बहीण आहे म्हणाले आणि बाहेर आले. तुझ्या बाबतीत आता माझ्या जागी दुसरी नर्स बसेल. बालकल्याणच्या बाई माझ्यामागे पॅसेजमध्ये आल्या. म्हणाल्या, तिचं सगळं उत्तम चाललंय, पण जुन्या फायलीतलं एक वाक्य आड येणार. पहिल्या खेपेला आईने औषधाची माहिती सर्वांपासून दडवली, असं तिथे लिहिलंय. अशी आई पुन्हा दडवणार नाही याची खात्री काय, असं वर विचारतील आणि बाळ ताबडतोब तिच्या हाती द्यायला कचरतील.

टकळे, ते वाक्य माझ्यामुळे तिथे आहे. त्या सकाळी फोनवर त्याच बाईंनी मला विचारलं होतं, तिला काही उपचार चालू आहेत का. माझ्या आजूबाजूला चार नर्सेस उभ्या होत्या. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, तुम्हाला कधीपासून माहीत आहे, आणि बहीण असलं औषध पिते हे मला त्या चौघींसमोर बोलवेना. मी म्हणाले, माझ्या माहितीत नाही. फॉर्मवर इतर माहितीसाठी तीन ओळी होत्या, त्याही कोऱ्या ठेवल्या. इतकी वर्षं तू दवाखान्याच्या उशिराला आणि माझ्या फोनला दोष देत असशील. या खोट्याचा तुला पत्ता नाही. त्याच वेळी दोन खोल्या पलीकडे तू बाळाला पाजत नवीन नर्सला सांगत होतीस, माझी ताई इथेच आहे, तिला सगळं माहीत आहे. हे त्या नर्सने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि तरी मी जाऊन खरं बोलले नाही. काल ते बोलले. सगळं लिहून, सही करून एक प्रत बालकल्याणला दिली आणि एक हॉस्पिटलला. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. लेक तुझ्याकडे परत यावा म्हणून ते ज्या टप्प्यांनी सांगतील त्या टप्प्यांनी मी त्याला पोचवीन, हेही त्यात लिहिलंय. ते लिहिताना मी किती रडले हे आईलाही माहीत नाही. गुरुवारी अकरा वाजता तो जबाब सगळ्यांसमोर वाचला जाईल. तो तू तिथे परक्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकू नयेस, म्हणून हे पत्र. मी खोलीत नसेन, इमारतीतही नसेन, रजा टाकली आहे. माझ्याशी जन्मभर बोलली नाहीस तरी ते मला मान्य आहे. फक्त तो जबाब वाचून होईपर्यंत उठून जाऊ नकोस, आणि संपला की त्यांना तुझ्या तोंडाने सांग, की तू माहिती दडवली नव्हतीस, तू ती मला दिली होतीस.

तुझीच, तू म्हणशील तोवर,
ताई